बॅटरीकाकांची झडती

भर दुपारी बॅटरी लावून फिरणारा माणूस वेडा, असं ज्यांना वाटतं त्यांनी भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा जिना पाहिलेला नाही. त्या जिन्यात भर दुपारीही स्वतःचा हात दिसत नाही. दिवा लावा म्हणून मी पत्रकांवर पत्रकं काढली. 'जाहीर निषेध', 'धिक्कार', 'हा अंधार कोणाचा?' असे खणखणीत मथळे दिले आणि सगळी पत्रकं त्याच जिन्यात चिकटवली. ती कोणालाही वाचता आली नाहीत. हे माझ्या लक्षात आणून दिलं बॅटरीकाकांनी. त्यांनी पत्रकावर बॅटरीचा गोल मारला, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "लिवलंस बरां. पण अंधाराची तक्रार अंधारात लावतात काय गो?"

त्यांचं खरं नाव चाळीत कोणी वापरत नसे. परळच्या एका जुन्या थिएटरात त्यांनी डोअरकीपर म्हणून उभी हयात काढली. तिकीट फाडायचं, पडदा सारायचा, अंधारात बॅटरीचा गोल पुढे टाकत माणसाला त्याच्या सीटवर नेऊन बसवायचं. थिएटर बंद पडलं, तिथे काचेचा टॉवर आला. मालकाने निरोपाला नारळ दिला. बॅटरी यांनी स्वतःच घेतली. हक्काची म्हणून. मला हे फार आवडायचं. कामगाराने आपल्या श्रमाचं साधन परत घेतलं, असं मी एकदा पत्रकात लिहिणार होते. काका म्हणाले, "गप बस. चोरी हां ती. लिवलंस तर मागायला येतील."

थिएटर गेलं, पण माणसांना बसवायची सवय गेली नाही. चाळीतल्या कुठल्याही लग्नात काका दारात उभे. "दोघंच ना? या. मधल्या रांगेत. पाय जपून." बारशाला तेच, पूजेला तेच. एकदा दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा वारले, तर समाचाराला आलेल्या बायकांना यांनी बॅटरी मारत मारत सतरंजीवर बसवलं आणि पुढे जागा असताना दारात बसलेल्यांना कुजबुजत्या आवाजात सुनावलं, "पुढे सरका, पुढे. मागून अजून पब्लिक यायचाय." रडणाऱ्या सूनबाईंना हसू फुटलं, ते त्यांनी पदरात कोंबलं. मासळीबाजारात बांगड्याचे कल्ले बॅटरीने तपासायचे. कोळीण ओरडायची, "ए म्हाताऱ्या, माशाच्या डोळ्यात उजेड मारून त्याला परत जिवंत करतोस काय?" हे शांतपणे दुसरा बांगडा उचलायचे.

इतकी वर्षं थिएटरात काढून त्यांनी एकही पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. "डोअरकीपर पिक्चर बघत नाय, पब्लिक बघता," म्हणायचे. मी पाण्याच्या प्रश्नावर सभा घेतली तेव्हा नगरसेवक पुढच्या खुर्चीवर तंगड्या टाकून बसला होता. काकांनी त्याच्या बुटांवर गोल मारला आणि पाय खाली येईपर्यंत हलवला नाही. माझ्या तासाभराच्या भाषणाने जे झालं नसतं, ते त्या गोलाने झालं. त्या दिवसापासून माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी त्यांच्या बॅटरीखालून जाऊ लागलं.

त्यांचा शेरा ठरलेला असे. "नुसता 'निषेध, निषेध' काय? पाइप खंय फुटलो तां आधी लिव. मगे शिव्या घाल."

आता ढेकणांबद्दल. हसू नका. चाळीत राहणाऱ्याने ढेकणांना हसू नये.

आमच्या चाळीत दर उन्हाळ्यात ढेकूण निघत, आणि दर उन्हाळ्यात प्रत्येक बिऱ्हाड गुपचूप आपापली खाट उकळत्या पाण्याने धुई. गुपचूप, कारण ढेकूण फक्त शेजाऱ्यांकडे असतात. आमच्याकडे? छे! आम्ही स्वच्छ! मग आपल्याकडचे ढेकूण भिंतीतून शेजारी जात, शेजारी खाट धुतली की परत येत. लपाछपी. काकांनी थिएटरच्या खुर्च्यांमधून ढेकणांशी आयुष्यभर मारामारी केलेली. त्यांनी फर्मान काढलं : एकच दिवस, सगळ्या खोल्या उघड्या, सगळ्या खाटा बाहेर, आणि आधी झडती. औषध नंतर. "ढेकूण कुठे कुठे आहेत तेच माहीत नसेल, तर औषध काय देवाच्या नावाने शिंपडू?"

पहिल्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एका हेडक्लार्कने दार लावून घेतलं. "आमच्याकडे असलं काही नाही." बाकीच्या मजल्याने दिवसभर राबून खाटा धुतल्या, गाद्या गच्चीवर टाकल्या. पंधरवड्यात सगळा मजला पुन्हा खाजवायला लागला. दुसऱ्या वर्षी काका त्याच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगू लागले, "मध्यंतर आहे. ह्यांचं दार उघडलं की पुढचा भाग." जेवणवेळेला दार उघडलं. हेडक्लार्कच्या गादीच्या शिवणीत काकांचा गोल फिरला आणि थांबला. काका म्हणाले, "ढेकूण झाले ह्यात लाज नाय हो. लपवलेत, त्याची लाज."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काकांचा खोकला.

खोकला महिनोन्महिने चालला. आधी धूळ म्हणाले, मग शेजारच्या टॉवरचं खोदकाम म्हणाले, मग छातीचा फोटो काढला तर उजव्या फुप्फुसात गाठ. डोंबिवलीला राहणारी त्यांची मुलगी, आमची ताई, धावत आली आणि तिने लगेच दार लावून घेतलं. म्हणजे घराचं नाही, बोलण्याचं. काकांना सांगितलं न्यूमोनिया. नातेवाइकांना सांगितलं पोट बिघडलंय. काकूंना, म्हणजे स्वतःच्या आईला, सांगितलं, तू काही बोलू नकोस. आणि मग परळच्याच मोठ्या हॉस्पिटलात त्यांना घेऊन गेली. काउंटरवर भांडायला कोणीतरी हवं म्हणून मी सोबत.

तुम्हीच सांगा. ज्याने परळमध्ये जन्म काढला, ज्याच्याकडे रोज बाहेरगावचे लोक त्या हॉस्पिटलचा पत्ता विचारत येतात, त्याला त्या गेटातून आत नेऊन न्यूमोनिया आहे म्हणायचं?

गेटापाशी काका थांबले. बॅटरी काढून त्यांनी भर उन्हात पाटीवरच्या 'कॅन्सर' ह्या शब्दावर मारली. "सर्दीखोकल्याक माका हय आणलंस?"

ताई रडायला लागली. काकूंनी पदराआड तोंड लपवलं. मी म्हटलं, "काका, कॅन्सर आहे." ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मीच आणून ठेवला. काका मात्र मान हलवून आत शिरले. "चला. सीट बघू कुठली."

मला ह्या लपवाछपवीची चीड आहे आणि ती मी इथे लिहिणार. आपल्याकडे ह्या आजाराला नावच नसतं. 'ते' झालंय. 'तसलं' आहे. आणि फुप्फुसाचं निघालं की पुढचा प्रश्न तयार : विड्या ओढायचे का? काकांनी जन्मात विडी ओढली नाही. तरुणपणी काही वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्ली आणि पुढे इंटरव्हलमध्ये दुसऱ्यांनी सोडलेला धूर. पण चाळीतला जो तो हाच प्रश्न विचारायचा, जणू माणसाचा गुन्हा सापडला की आजार बरा होणार. अरे, दोष कोणाचा ते मागाहून काढा. आधी विचारा, आजार पोचलाय कुठवर?

डॉक्टरबाईंनी नेमकं तेच विचारलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, नागपूरकडची, बोलायला सरळ. छातीतल्या गाठीची सुई घेतली होती, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासला होता, कॅन्सर नक्की झाला होता. ती म्हणाली, "आता सगळं एका प्रश्नावर आहे. तो फुप्फुसातच बसलाय की बाहेर गेलाय? आतच असेल तर ऑपरेशनचा विचार करू. बाहेर गेला असेल तर छाती उघडून फायदा नाही, उगाच त्रास. मग सगळ्या अंगाला पोचेल असं औषध लागेल. म्हणून सगळ्या अंगाचा स्कॅन."

ताईचं म्हणणं उलट. तिच्या एका ओळखीच्या सर्जनने तारीखही देऊ केली होती. "कापून टाका ना एकदाचं! एवढं खोदत बसलं की ते उठतं. सुई लागली की पसरतं, सगळे सांगतात."

"कोण सगळे?" काका म्हणाले.

"सगळेच, बाबा."

"तिसऱ्या मजल्यावरचा हेडक्लार्क पण हेच म्हणायचा. झडती घेतली की ढेकूण होतात." मग डॉक्टरबाईंकडे वळून, "तुम्ही सगळ्या खोल्या उघडा. हिचं ऐकू नका, हिला लहानपणापासून खाट धुवायचा कंटाळा."

डॉक्टरबाईंना खाटेचं काही कळलं नाही. पण होकार मात्र कळला.

स्कॅनच्या आधी तिने समजावून सांगितलं. उपाशी पोटी यायचं. साखरेसारखं एक औषध शिरेतून देणार, त्यात थोडा किरणोत्सर्ग असतो. शरीराचा जो भाग अधाशासारखी साखर खातो तो चित्रात चमकतो, आणि कॅन्सर अधाशी असतो. इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत स्वस्थ पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही.

"बोलायचं नाही," काकूंनी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," काका म्हणाले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने आतून एक सिस्टर तणतणत आली. "बॅटरीवाले पेशंट तुमचे का? आत पिक्चर लावलाय का त्यांनी?"

झालं होतं असं. ती खोली म्हणजे अंधार, गारवा, ओळीने मांडलेल्या मागे रेलायच्या खुर्च्या, आणि दर थोड्या वेळाने दार उघडून चाचपडत आत येणारा एक घाबरलेला माणूस. आता तुम्ही चाळीस वर्षं डोअरकीपर राहिलेल्या माणसाला अशा खोलीत ठेवून स्वस्थ पड म्हणणार? पहिला माणूस अडखळला तोवर काकांनी धीर धरला. दुसरा अडखळला तसे ते उठले. बॅटरी खिशात होतीच. मग तासभर त्यांनी एकूण एक पेशंटला दारातून घेऊन सीटवर बसवलं, उपाशी पोटाने कुरकुरणाऱ्याला "इंटरव्हलला वडा मिळेल" म्हणून समजावलं, आणि शेजारच्या खुर्चीच्या हातावर पाय टाकून पडलेल्या एका तरुणाला सरळ केलं. सिस्टरने बॅटरी काढून घेतली, तेव्हा कुठे शो संपला.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर. पडद्यावर काकांच्या अंगाचं चित्र, त्यात केशरी चमकणारे भाग. काकू डोकं पाहून हबकल्या. "अगो बाय! डोकं तर सगळंच पेटलंय!"

"ते सगळ्यांचंच पेटतं, काकू. मेंदू सतत साखर खातो. म्हणून मेंदूतलं ह्यात नीट कळत नाही, त्याचा वेगळा एमआरआय करायचाय." पण तिची नजर दुसरीकडे होती. घसा लख्ख उजळलेला. दोन्ही पोटऱ्या उजळलेल्या.

ताईने घसा पाहिला आणि तिचा बांध फुटला. "घशात पण गेलं! पायात पण! मी सांगत होते, सुई लावू नका..."

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाली. "काका, इंजेक्शननंतर काय केलंत?"

"काय नाय. बसलो होतो."

"नुसते बसलात?"

"मधे मधे उठलो."

"चाललात?"

"आता माणूस पडत असेल तर काय बघत राहू?"

"आणि बोललात?"

"न बोललेला ह्यांचा एक दिवस दाखवा मला," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईने कपाळावर हात मारला, आणि मग तिला हसू आवरेना. काम केलं की स्नायू साखर खातात, आणि साखर खाल्ली की चमकतात. बोलून बोलून काकांचा घसा उजळला होता आणि चालून चालून पोटऱ्या. "सांगितलेलं ऐकत जा हो! मी घाबरले ना सकाळी," ती ओरडली. काका खाली मान घालून बसले. डोअरकीपरला मॅनेजरने झापावं तसे. ताई रडत होती ती हसायला लागली, तिला थांबता येईना. मीही हसत होते. टेबलाभोवती क्षणभर कोणाला काहीच झालेलं नव्हतं.

मग डॉक्टरबाईने पेनचं टोक पडद्यावर खाली नेलं. कमरेच्या हाडावर. तिथे एक लहानसा केशरी ठिपका होता.

"काका, ह्या हाडाने त्या दिवशी काही काम केलं का?"

काका पुढे झुकले. सिस्टरने परत दिलेली बॅटरी त्यांनी खिशातून काढली आणि पडद्यावर त्या ठिपक्याभोवती गोल टाकला. बराच वेळ धरून ठेवला.

"हां," म्हणाले. "हा बिनतिकिटाचा."

"चित्रावर भरवसा ठेवून मी ठरवणार नाही," डॉक्टरबाई म्हणाली. "घशाने फसवलंच असतं ना आपल्याला? तिथलीही सुई घेऊ."

ताईने तोंड उघडलं, काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मिटलं.

सुईचा निकाल आला : तोच होता. फुप्फुसातून निघून कमरेच्या हाडात जाऊन बसला होता, आणि काकांना तिथे साधी कळही येत नव्हती. चौथी पायरी, म्हणजे शेवटची स्टेज, डॉक्टरबाईने काकांनाच सांगितलं, आडपडदा न ठेवता. पूर्ण निघून जाईल असं म्हणणार नाही. आवर घालता येईल. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला. "डोक्यात काही सापडलं नाही," ती म्हणाली, तर काकू पटकन बोलून गेल्या, "ते मला लग्नापासून ठाऊक आहे." गाठीच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी झाली आणि पेशींमध्ये असा एक बदल निघाला की त्यावर रोजची एक गोळी चालत होती. ऑपरेशनची ती तारीख ताईने स्वतः फोन करून रद्द केली. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "छाती फाडली असती गं बाबांची. आणि हा खाली बसून राहिला असता."

बोलण्यासारखं खूप होतं, अख्खं पत्रक होतं. पण मी गप्प बसले, याची नोंद घ्यावी.

गोळीने काकांना उभं केलं. खोकला उतरला, बाजार सुरू झाला, कोळणीच्या शिव्या सुरू झाल्या. त्या उन्हाळ्यात ढेकणांची झडती त्यांनी गॅलरीत खुर्चीवर बसून चालवली. ताई मदतीला आलेली. खाट अर्धी दारात अडकलेली असताना तिचा फोन वाजला, कणकवलीची आत्या. ताई सवयीने म्हणाली, "हो गं आत्या, बाबा बरे आहेत, जरा न्यूमोनिया..." आणि तिच्या तोंडावर बॅटरीचा गोल पडला.

तिने डोळ्यांवर हात धरला. गोल हलेना. सगळी गॅलरी खाटा सोडून बघायला लागली.

"कॅन्सर आहे, आत्या," ताई मोठ्याने म्हणाली. "फुप्फुसाचा. कमरेच्या हाडात गेलाय. गोळी चालू आहे. हो, बाबांना माहीत आहे. अगं बाबांना सगळं माहीत आहे, तेच बॅटरी मारतायत माझ्या तोंडावर!"

गोल विझला. "खाट घे आता बाहेर," काका म्हणाले.

गोळी बरीच टिकली. मधले स्कॅन काकांनी शहाण्यासारखे काढले, बॅटरी सिस्टरकडे जमा करून, तोंड मिटून. चित्रात घसा अंधारा आला की डॉक्टरबाई विचारायची, "आज शो नव्हता?" काका म्हणायचे, "पब्लिक समजूतदार होता."

पुढे गोळीचा जोर ओसरला. ते काकांना आमच्या आधी कळलं असावं. जिना चढताना ते आता प्रत्येक पायरीवर थांबून कोणाशी तरी गप्पा मारायचे, कोणी नसलं तरी. औषध बदलायचं का, कुठलं द्यायचं, हे ठरवायला पुन्हा स्कॅन. तोपर्यंत ते चाकाच्या खुर्चीत होते. बॅटरी ताईच्या पर्समध्ये होती. सिस्टरने त्यांना आत नेऊन रेलवलं आणि ओठांवर बोट ठेवून बजावलं.

चित्र पाहायला डॉक्टरबाईने ताईला आणि मला बोलावलं. केशरी ठिपके वाढले होते. कंबर, बरगडी, पाठीचा कणा. ती एकेक दाखवत गेली, काहीही न लपवता, आणि ताईने एकेक पाहिला, कुठेही नजर न वळवता. मग पेन वर येऊन घशापाशी थांबलं.

"ह्याची काळजी नको," डॉक्टरबाई म्हणाली. "सिस्टरने सांगितलं मला. एक बाई पहिल्यांदाच आली होती, एकटी. दारातच उभी राहिली. आत यायला तयार नव्हती." तिने पेन खाली ठेवलं. "काका जागेवरूनच बोलत होते तिच्याशी. डावीकडे या. पाय जपून. बसा. पूर्ण तासभर बोलत होते."

मी चित्राकडे पाहिलं. दोन्ही पोटऱ्या अंधाऱ्या होत्या. घसा तेवढा लख्ख उजळला होता.